गाईला नाव होतं, आईला नव्हतं

बाई,

परवा कॉलेजात तुमची शोकसभा झाली. प्राचार्यांनी कागदावरून वाचून दाखवलं की माने मॅडम शांत, मितभाषी, मनमिळाऊ आणि विद्यार्थिप्रिय होत्या. चार विशेषणं, आणि चारातलं एकही तुमचं नव्हतं. मी तिसऱ्या रांगेत होते. ‘मितभाषी’ला मी दात आवळून बसले. ‘मनमिळाऊ’ला राहवलं नाही, उभी राहिले. म्हटलं, “सर, माफ करा, पण बाई मनमिळाऊ नव्हत्या. या स्टाफरूममधल्या प्रत्येकाशी त्या निदान एकदा तरी भांडल्यात. माझ्याशी तर बारा वर्षं भांडत होत्या. त्यांना असल्या शब्दांत गुंडाळू नका, त्यांना चालायचं नाही.”

पहिल्या रांगेत तुमचे मालक बसले होते. ते “खरं हाय, खरं हाय” म्हणत हसायला लागले, आणि हसता हसताच त्यांनी डोक्यावरची टोपी काढून डोळ्यांना लावली.

मग एक जण उठले आणि म्हणाले की बाईंनी जातपात कधी मानली नाही, चंदगडला एका बौद्ध विद्यार्थिनीच्या घरी जाऊन जेवल्या. लोकांनी माना हलवल्या. ती विद्यार्थिनी मी, आणि मला त्या हलणाऱ्या मानांचा राग आला. आमच्या घरी जेवलात यात तुमचा कसला मोठेपणा? भूक लागली होती, जेवलात. माशाच्या कालवणात मीठ कमी आहे म्हणून माझ्या आईशी हुज्जत घातलीत आणि तरी दुसऱ्यांदा वाढून घेतलंत. सांगायचं तर हे सांगा. पण तेवढ्यात त्यांनी पुढची गोष्ट काढली, ‘त्याच मुलीनं दुसऱ्या वेळेलाही परीक्षेत स्वतःच्या मतानं उत्तर लिहिलं आणि पास होऊन दाखवलं.’ टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! एकदा उभी राहिलेली मी तेव्हा मात्र खाली मान घालून बसून राहिले.

त्याबद्दल लिहायचंय. पण आधी सगळं नीट सांगते, माझ्या पद्धतीनं. मध्ये बोलू नका.

त्र्याण्णव साली मी कोल्हापुरात बी.ए.ला आले, तेव्हा आमच्या वस्तीतून इतक्या लांब शिकायला आलेली मी पहिली पोरगी. आप्पा दुसऱ्यांच्या भातशेतीत राबायचे, आई काजूच्या कारखान्यात बिया सोलायची. वर्गात मी तोंड उघडत नव्हते, कारण उघडलं की ‘हाय’ आणि ‘न्हाय’ बाहेर पडायचं. सगळे तुम्हाला मॅडम म्हणायचे. माझ्या तोंडून गावच्या शाळेच्या सवयीनं ‘बाई’ निघालं आणि वर्ग हसला. तुम्ही म्हणालात, “हसताय कशाला? बाईच हाय की मी.” हे तुम्ही वर्गात, प्राध्यापकाच्या जागेवरून, असं बोललात. त्या दिवशी मी हॉस्टेलवर जाऊन हे वाक्य दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं होतं.

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्याच तासाला तुम्ही विचारलंत, “गाईड कुणाकुणाकडं हाय?” साठातले चाळीस हात वर गेले. “ऱ्हाऊ दे घरात. बंब पेटवायला उपयोगी पडतंय.” मग शंभर पानी वही आणायला सांगितलीत. डावं पान आमचं, उजवं तुमचं. डाव्या पानावर आवडलं-नावडलं लिहायचं नाही, वाचताना कुठं अडलो ते लिहायचं. कुठला शब्द खटकला, कुठं हसू आलं आणि तिथं यायला नको होतं, कुठं लेखक खोटं बोलतोय असं वाटलं. उजव्या पानावर तुम्ही जांभळ्या शाईनं उत्तर द्यायचात. माझ्या मैत्रिणीनं लिहिलं होतं, ‘लेखकाची भाषा ओघवती आहे.’ समोर तुम्ही लिहिलंत, ‘कुठनं कुठं वाहते? ओळ दाव.’

ओळ दाव. वर्षभर दुसरं काही ऐकलं नाही आम्ही. मत काहीही मांडा, तुम्ही अडवत नव्हता. पण मत मांडलं की पुस्तकात बोट ठेवून ओळ दाखवायची. ओळ नसेल तर ते मत खिशात घाला.

आणि मग ती गोष्ट आली. विधवा आई, एकुलता मुलगा, घरात एकच भाकरी. आई म्हणते, मी आधीच जेवलेय बाळा, आणि भाकरी त्याला देऊन स्वतः पाणी पिते. मुलगा मोठा साहेब होतो तेव्हा आई नसते. वर्गातल्या निम्म्या पोरी रडल्या. मी नाही रडले. मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय. वहीत लिहिलं, ‘ही आई मला खरी वाटत नाही. माझ्या आईला भूक लागली की ती शिव्या देते.’

दुसऱ्या दिवशी वही परत आली. उजव्या पानावर, ‘तुझी आई घरात आहे. या आईबद्दल बोल. ओळ दाव.’

मला इतका राग आला की मी आठवडाभर वही दिली नाही. दिवाळीला गावी गेले, तेव्हा ती गोष्ट आईला वाचून दाखवली. ती चुलीपुढं बसली होती, काजूच्या चिकानं काळी पडलेली बोटं राखेनं घासत. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “एकच भाकरी हुती तर अर्धी अर्धी करायची की. आणि ते पोरगं? आई जेवली का न्हाय ते त्येला दिसत न्हवतं व्हय? आंधळं हुतं?”

मी गोष्ट पुन्हा वाचली. या वेळी मुलावर नजर ठेवून. तो एकदाही विचारत नाही. आख्ख्या गोष्टीत आई तीनदा बोलते, आणि तिन्ही वेळा ‘तू खा’ याच अर्थाचं. मुलाला नाव आहे, त्याच्या मास्तरांना नाव आहे. गोठ्यातल्या गाईचं नाव कपिला. आईला नाव नाही. रात्रभर नव्हे, अर्ध्या तासात सापडलं सगळं, कारण आता कुठं बघायचं ते कळलं होतं. डाव्या पानावर लिहिलं, ‘गाईला नाव आहे, आईला नाही. लेखकाला आई नकोच आहे, त्याग हवा आहे. म्हणून तिला भूक लागू देत नाही.’ खाली पाच ओळींचे पान क्रमांक.

तुम्ही ती वही वर्गात घेऊन आलात. उभ्या उभ्या वाचलीत. मग खुर्चीवर बसलात, तुम्ही शिकवताना कधी बसत नव्हता, आणि म्हणालात, “इतकी वर्षं ही गोष्ट शिकवतीया मी. गाय दिसली. आई दिसली न्हाय.” माझ्याकडं बघून म्हणालात, “आईला सांग, मॅडमनी नमस्कार सांगितलाय.”

बाई, मला आयुष्यात पुढं डिग्र्या मिळाल्या, नोकरी मिळाली. पण मी आहे, माझं डोकं माझ्या मानेवर आहे, हे मला त्या तासाला कळलं. याबद्दल आभार मानायचे राहिलेत. ते इथं मानते आणि पुढच्या भांडणाकडं वळते.

मार्चमध्ये स्टाफरूमच्या पायऱ्यांवर तुम्ही मला थांबवलंत.

“सुमन, परीक्षेत त्या आईवर प्रश्न आला तर गाईडातलं लिही.”

मला आधी चेष्टा वाटली. “गाईडातलं?”

“तुझा पेपर मी तपासणार न्हाय. तपासणाऱ्याला पुढ्यात गठ्ठा असतोय. त्याला सोशिक, त्यागी, वत्सल असलं दिसलं की तो मार्क देतो. दे त्याला.”

“आणि वहीतलं?”

“ते तुझंच हाय. कोण काढून घेतंय?”

“मग वर्षभर लिहून कशाला घेतलंत? दोन हातांनी दोन उत्तरं लिहायला?”

तुमचा आवाज चढला. “हट्ट करू नको. बाकीच्यांचं जाऊ दे. तुमच्या पोरींना नापास होणं परवडत न्हाय.”

मी विचारलं, “तुमच्या म्हणजे कुणाच्या, बाई?”

घंटा झाली, तुम्ही तासावर गेलात.

शब्द उचलून त्याच्याखाली काय आहे ते बघायला तुम्हीच शिकवलं होतं. त्या ‘तुमच्या’खाली मी काय काय बघितलं! कधी त्यात काळजी दिसली. गावाकडच्या, गरीब घरच्या पोरी, एवढंच म्हणायचं असेल. कधी दिसलं की नाही, बाईंच्याही मनात एक रेघ आहे आणि मी रेघेच्या पलीकडं आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या, म्हशी दारात असलेल्या माने बाई, आणि ‘तुमच्या’ पोरी. दोन्ही अर्थ ओळीत बसतात. तुम्ही हयात असेपर्यंत मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही आणि तुम्हीही उत्तर दिलं नाहीत.

परीक्षेत प्रश्न आला, आईची व्यक्तिरेखा रेखाटा. मी रागाच्या भरात साडेपाच पानं लिहिली. निम्मा वेळ त्या एका उत्तरात गेला, बाकीचे प्रश्न घाईनं उरकले, हेही खरं. पेपरात एकतीस मार्क पडले. फेरतपासणीत एक वाढला. बत्तीस. नापास.

आप्पा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “उद्यापास्नं आईसंगं जा.” मी कारखान्यात जायला लागले. पंधरा दिवसांत माझीही बोटं आईसारखी झाली.

जुलैत तुम्ही आलात. चंदगडपर्यंत एस्टी, पुढं चिखलातून चालत, हातात चपला, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. मी दारातच होते. तुम्ही ‘कशी आहेस’ विचारलं नाहीत. माझे हात बघितलेत आणि सरळ आत जाऊन आप्पांसमोर बसलात.

“हिनं पेपरात लिव्हलं ते बरोबर हाय,” तुम्ही म्हणालात. “मी शिकवलंय.”

आप्पांनी शांतपणे विचारलं, “बाई, बरोबर हाय म्हंताय, मग नापास कशी?”

तुम्ही साडीचा भिजलेला काठ पिळायला लागलात. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

आप्पा म्हणाले, “बरोबर काय अन् चूक काय ते आमी शिकवलंय तिला. तुमच्याकडं पास हुयाला धाडली हुती.”

आईनं ताटं मांडली. वाढता वाढता तिनं तुम्हाला विचारलं, “ती गोष्ट लिव्हली कुणी? बाप्यानं न्हवं?”

“व्हय.”

“वाटलंच मला.”

तुम्ही इतक्या जोरात हसलात की आप्पांनाही हसू आलं. मग मिठावरून तुमची आणि आईची जुंपली, आणि त्या गडबडीत घरातलं काहीतरी सैल झालं. हात धुताना तुम्ही आप्पांना म्हणालात, “ऑक्टोबरला एकच पेपर हाय. तोवर माझ्या घरात ऱ्हाऊ दे. पास न्हाय झाली तर मी स्वतः आणून सोडीन.”

“आणि लिव्हायचं काय ह्या टायमाला?” आप्पांनी विचारलं.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. “ते ती ठरवील.”

बाई, पायऱ्यांवरचं तुमचं म्हणणं तुम्ही आमच्या दारात, आमच्या माणसांसमोर मागं घेतलंत. ती माफी होती का? मी तशीच धरली. पण ओळ दाखवता येत नाही, म्हणून खात्रीनं म्हणत नाही.

मंगळवार पेठेतल्या तुमच्या घरात मी अडीच महिने राहिले. सकाळी धारा झाल्या की तुम्ही हात धुऊन कॉलेजला जायचात, मी आतल्या खोलीत वाचत बसायचे. एकदाही तुम्ही विचारलं नाहीत की काय लिहिणार. मालकांनी एकदा विचारलं, तर तुम्ही त्यांच्यावर खेकसलात. ऑक्टोबरात प्रश्न आला, ‘आईचा त्याग हा कथेचा गाभा आहे, स्पष्ट करा.’

आता सांगते. अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

मी पेन हातात घेतलं आणि मला माझी नखं दिसली. चीक अजून पुरता गेला नव्हता. मी लिहिलं, ‘कथेतील आई ही त्यागाची मूर्ती आहे.’ पुढं सोशिक लिहिलं, वात्सल्यसिंधू लिहिलं. गाईडातलं जसंच्या तसं. कपिला गाईचं नावसुद्धा काढलं नाही. एकसष्ट मार्क मिळाले.

पेपर सुटल्यावर तुम्ही फाटकाजवळ उभ्या होतात. “लिहिलंस?” तुम्ही विचारलंत.

“लिहिलं,” मी म्हटलं.

तुम्ही माझ्या पाठीवर असा दणका घातलात की पेन पडलं. आणि निकाल लागल्यावर तुम्ही गावभर सांगत सुटलात की पोरीनं दुसऱ्यांदाही आपलंच लिहिलं आणि पास झाली. मी खोटं बोलले नव्हते, फक्त तुमचं बोलणं दुरुस्त केलं नाही. पण असल्या गप्प बसण्याला तुम्ही वहीत काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे.

तुम्ही तेवढ्यावर थांबला असतात तर बरं झालं असतं. पण पुढच्या वर्षापासून तुम्ही पोरांना दोन उत्तरांचा सल्ला देणं बंद केलंत. परीक्षकांच्या बैठकीत उभं राहून म्हणालात की विद्यार्थ्यानं पुस्तकातून पुरावा दिला असेल तर मत पटो न पटो, मार्क द्यायला पाहिजेत, आणि उदाहरण माझं दिलंत. ‘एक मुलगी दोनदा लढली,’ असं म्हणालात. भांडण वाढलं. दुसऱ्या वर्षी परीक्षकांच्या यादीत तुमचं नाव नव्हतं, आणि निवृत्त होईपर्यंत ते परत आलं नाही. मला हे कळलं तेव्हा मी बी.एड. करत होते. धावत तुमच्याकडं आले. तुम्ही म्हैस धूत होतात. म्हणालात, “बरं झालं की. उन्हाळ्यात गठ्ठे तपासण्यापेक्षा ही बरी. ही निदान वात्सल्यसिंधू लिहीत न्हाय.”

मी हसले. तुमच्यासमोर उभी राहून त्या शब्दावर हसले मी.

त्यानंतर किती वेळा सांगायचं ठरवलं. शेवटचं यंदा फेब्रुवारीत. तुम्हाला दम लागायचा, उशा लावून बसवलं होतं. मी म्हटलं, “बाई, त्या ऑक्टोबरच्या पेपरात…” तुम्ही हात वर केलात. “म्हाताऱ्या माणसासमोर पेपरचं काय काढतीस? तू पोरांना काय शिकवलंस या आठवड्यात ते सांग.” मी सांगत बसले. तुम्ही मध्ये मध्ये तोडत राहिलात, “हे चुकलंच तुझं,” असं दोनदा म्हणालात. तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात.

तुम्हाला माहीत होतं का? असेलही. नसेलही. मी त्यावरून स्वतःला माफ करून घेणार नाही, आणि स्वतःला झोडपत बसणारही नाही. एकोणीस-वीस वर्षांची पोरगी होते. पुढ्यात कारखाना होता. तिनं पास व्हायचं ठरवलं. तिला भ्याली म्हणायचं असेल तर म्हणा, पण तिला त्या गाईडानं आणि त्या परीक्षेनं कोपऱ्यात ढकललं होतं, हेही त्याच दमात म्हणा. मला लाज वाटते ती तुमच्यापासून लपवल्याची. आणि तुमच्यावर राग आहे तो एवढाच, की तुम्ही मला शूर ठरवून टाकलंत आणि मग ‘भ्यायले होते बाई’ म्हणायला जागाच ठेवली नाहीत. तुम्हीसुद्धा माझी एक व्यक्तिरेखा रेखाटलीत. ओळ न बघता.

एक मात्र खरं. तुम्ही ज्या मुलीसाठी भांडलात ती त्या दिवशी नव्हती, पण तुमचं म्हणणं बरोबरच होतं. माझ्या खोटेपणानं ते चुकीचं ठरत नाही.

आता मीही कॉलेजात शिकवते, परीक्षक आहे. तुम्ही गेलात त्याच्या पंधरा दिवसांनी केंद्रावर पेपर तपासत होते. एका उत्तरपत्रिकेत, नाव नव्हतंच, फक्त नंबर, एका कवितेवर उत्तर होतं. गाईडात ती कविता निसर्गप्रेमाची आहे. या विद्यार्थ्यानं लिहिलं होतं की कवितेत डोंगर आहे, झाडं आहेत, पण डोंगरावर राहणारं माणूस एकही नाही. मी डोंगरावर राहतो, मला हा डोंगर लांबून बघितलेला वाटतो. आणि खाली चार ओळी काढून दाखवल्या होत्या. अक्षर वाईट होतं, शुद्धलेखन त्याहून वाईट. मी दहापैकी आठ दिले.

तपासलेले पेपर पुन्हा बघणाऱ्या मॉडरेटरांनी बोलावलं. म्हणाले, “मॅडम, प्रश्न निसर्गवर्णनाबद्दल विचारलाय. तीनच्या वर जात नाही हे.”

मी म्हटलं, “वाचून दाखवू का?”

“वेळ नाही.”

“मला आहे,” मी म्हटलं आणि उभी राहून आख्खं उत्तर मोठ्यानं वाचलं. हॉलमधल्या पेनांचे आवाज थांबले. कुणीतरी म्हणालं, असं सुरू झालं तर तपासणी मे महिनाभर चालेल. कुणीतरी म्हणालं, पोरगं खोटं तर काही लिहीत नाही. मॉडरेटर म्हणाले, पाच करा. मी म्हटलं, कारण लेखी द्या, मग करते. पाऊण तास चालला हा तमाशा. चहा आला, गार झाला. पुढच्या वर्षी यादीत माझं नाव नसेल, असं माझ्या शेजारचे सर हळूच म्हणाले. मी त्यांना म्हटलं, ऐकू येईल असं बोला की.

शेवटी सात मार्क कायम झाले. ती उत्तरपत्रिका मी सही करून पुढं पाठवली.

आठच द्यायला पाहिजे होते. तसं मी विद्यापीठाला पत्र लिहिलंय.